मीटरमामा आणि आठ पिवळी हेल्मेटं

मीटरमामा रिटायर झाले आणि पंधरा दिवसांत मामींनी हात टेकले.

मामी मिक्सर लावायच्या, की मामा जिन्याखालच्या मीटरपाशी हजर. इस्त्री लावली, की हजर. दर तासाला रीडिंग घ्यायचं, खिशातल्या डायरीत लिहायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घसा खाकरायचा. "सकाळपासून दीड युनिट," असं म्हणायचं. बास, पुढं काही नाही. मामी म्हणायच्या, "एकतीस वर्षं लोकांनी कसं हो सोसलं तुम्हाला?"

"लोकांना कुठं सोसायला लागलं? मी महिन्यातून एकदाच जायचो," मामा म्हणायचे. यावर मामी जे म्हणायच्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

तर एकतीस वर्षं मामांचं काम एकच. शहरामागच्या डोंगरावर तीन वस्त्या, खालची, मधली आणि वरची. तिन्ही मिळून दोनशे बारा मीटर. महिन्यातून एकदा ऑफिसची काळी सायकल घेऊन डोंगर चढायचा, प्रत्येक भिंतीवरच्या पेटीत बॅटरी मारायची, रीडिंग लिहायचं आणि संध्याकाळच्या आत खाली यायचं. त्या सायकलीला ना गिअर, ना धड ब्रेक. चढाला मामा तिला ढकलत न्यायचे आणि उताराला तीच मामांना घेऊन सुटायची. तरी एकदाही पडले नाहीत, म्हणजे तसं ते सांगतात. मामींकडं दुसरी यादी आहे.

मामांना त्या डोंगरावरची माणसं युनिटांनी माहीत होती. कुणाकडं अचानक युनिट वाढले, की बाळ झालंय आणि अख्खी रात्र दिवा जळतोय, हे ते कुणी न सांगता ओळखायचे. एका घराचं रीडिंग सलग तीन महिने जेमतेम हललं, तेव्हा आजोबा गेल्याचं त्यांना दारात उभ्या उभ्या कळलं आणि ते टोपी काढून मिनिटभर मीटरसमोर थांबले. घरच्यांना वाटलं, मीटरमध्ये काहीतरी घोटाळा सापडला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आता त्यांच्या तोंडचं पाणी का पळावं, हे सांगायलाच हवं. विजेच्या तारेला वायरीचा आकडा अडकवायचा आणि मीटरला पत्ता लागू न देता घरात वीज घ्यायची, हा त्या डोंगरावर घरोघरी चालणारा उद्योग. मामांना तो पहिल्याच महिन्यात कळला होता. पण मामा पडले भिडस्त. त्यांनी त्यावर आपला एक मार्ग काढला. वस्ती दिसायच्या आधीचं जे वळण असायचं, तिथून ते सायकलची घंटी तीनदा वाजवायचे आणि खाली उतरून बुटाची नाडी बांधत बसायचे. अगदी निवांत. दोन्ही बुटांची. तेवढ्यात वस्तीत धावाधाव व्हायची, काठ्यांनी आकडे खाली यायचे, वायरी गवतात जायच्या. मग मामा वस्तीत शिरायचे आणि रिपोर्टात लिहायचे, 'सर्व ठीक.' डोळ्यांनी जे पाहिलंच नाही ते माणूस लिहिणार कसं? याबद्दल एकतीस वर्षांत त्यांच्यात आणि वस्त्यांत चकार शब्द झाला नव्हता.

एवढं करून मामांना कुणी आत या म्हणालं नाही. ते साहजिकही होतं म्हणा. ज्याच्या पाठीमागं गवतात वायर लपवलीय, तो पाहुण्याला बस कसा म्हणेल? सगळे दारं अडवून, निष्पाप चेहरे करून उभे. "या साहेब, घ्या रीडिंग, जपून जा साहेब." मामा जपून जायचे.

मग नवे मीटर आले. ते आपलं रीडिंग आपणच ऑफिसला कळवतात. साहेबांनी मामांना बोलावून हार घातला, सायकल बक्षीस म्हणून त्यांनाच देऊन टाकली आणि घरी पाठवलं. वस्त्यांचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. मामांना ते लागलं. रीडिंग घ्यायचं नाही तर वर जायचं तरी कुठल्या तोंडानं, म्हणून दहा महिने ते खिडकीतून नुसता डोंगर बघत होते आणि मामींचा मिक्सर मोजत होते.

अशात भाची आली. भाचीनं नोकरी सोडून डोंगरी सायकलींच्या सहलींचा धंदा काढला होता. जाड टायरच्या, पुढंमागं शॉकअप असलेल्या सायकली, डोक्याला हेल्मेट, खडकांतून उड्या मारत जायचं. शहरातली भलीचांगली माणसं अंग खरवडून घ्यायला सुट्टी टाकून येतात, हे ऐकून मामी थक्क झाल्या.

"मामा, तुमच्या डोंगराची वाट मला हवीय," भाची म्हणाली. "तीन वस्त्या, तीन मुक्काम नाहीत पण तीन थांबे. मी पत्रकात छापलंय, 'आपुलकीचा डोंगर, दर वळणावर आपली माणसं.' लोकांना नुसता चढ नको असतो, माणसंही हवी असतात. तुम्हाला तिथं सगळे ओळखतात ना?"

"ओळखतात म्हणजे काय!" मामा म्हणाले. "लांबून ओळखतात."

"मग ठरलं. पण स्पष्ट सांगते, मामा आहात म्हणून गय नाही करायची मी. ही पहिली सहल जमली तर दर शनिवारी तुम्हीच वाटाड्या. नाही जमली तर शहरातला एक सर्टिफिकेटवाला मुलगा बघून ठेवलाय."

त्या रात्री मामांना झोप लागली नाही. दर शनिवारी डोंगर! मामींनाही लागली नाही, कारण त्यांना दर शनिवारी मोकळं घर दिसत होतं.

शनिवारी सकाळी सहा पाहुणे, भाची आणि मामा असे आठ जण निघाले. पाहुण्यांत सगळ्यात पुढं एक दातांची डॉक्टरीण होती, वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत आणि उत्साह इतका की बाकीचे पाच तिच्यामागं आपोआप झाकले गेले. भाचीनं सगळ्यांना सारखी पिवळीधमक हेल्मेटं आणि पिवळी जाकिटं दिली होती. मामांना नवी गिअरची सायकल देऊ केली, पण ती त्यांनी दोन मिनिटं चालवली आणि परत केली. "हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं," म्हणाले आणि आपली काळी घेतली. पाहुणे गालात हसले. तासाभरानं गालात हसणारे सहाही जण जिभा बाहेर काढून दगडावर बसले होते आणि मामा वरच्या वळणावर सायकलीला टेकून त्यांची वाट बघत होते. कुठली पायवाट कुठून आखूड पडते, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

खालच्या वस्तीचं वळण आलं. आणि इथं मामांनी घोळ घातला.

मुद्दाम नाही घातला हो. एकतीस वर्षांचा अंगठा तो. वळण दिसलं आणि घंटी वाजली, एकदा, दोनदा, तीनदा. मामा खाली उतरून बुटाची नाडीसुद्धा बांधायला लागले. दुसऱ्या बुटाशी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे काय करून बसलो.

पण आता फार उशीर झाला होता. वस्तीनं घंटी ऐकली, वळणावर नजर टाकली आणि काय पाहिलं? दहा महिने गायब असलेला मीटरमामा परत आलाय आणि त्याच्यामागं पिवळ्या हेल्मेटांचं अख्खं पथक! वीजचोरी पकडणारं पथक अगदी अशाच हेल्मेटात फिरतं, हे त्या डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाचीला तेवढं ठाऊक नव्हतं. तिला पिवळा रंग धुक्यात उठून दिसतो म्हणून आवडला होता.

पाहुणे वस्तीत शिरले तर वस्तीत चिटपाखरू नाही. दारं बंद, खिडक्या बंद. एका घरातला टीव्ही अर्ध्या वाक्यात गप्प झाला. एक माणूस लांब काठी घेऊन घरामागून पळाला, त्याच्यामागं वायर फरफटत होती आणि वायरीमागं त्याचा कुत्रा.

"हीच का ती आपली माणसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेतावर गेली असतील," मामा म्हणाले.

"आतून कडी लावून?"

भाचीनं मामांकडं असं पाहिलं की मामा उगाच सायकलची चेन तपासायला वाकले. खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण सांगायचं काय? की हे लोक मला बघून पळतात? की पत्रकात छापलेली ती ओळख म्हणजे एवढीच? जीभ रेटेना. सर्टिफिकेटवाला मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढं नाचायला लागला.

मधल्या वस्तीच्या वळणावर मामांनी अंगठा मुठीत गच्च दाबून धरला. काही उपयोग नव्हता. खालून फोन आधीच पोचला होता. आणि मधली वस्ती पहिल्यापासून डोकेबाज. तिनं विचार केला, पळून पळून कुठं पळणार? पथक आलंच आहे, तर त्याचं पोट भरा आणि मन वळवा.

वळण घेतलं आणि पाहुणे थक्क झाले. रस्त्यावर टेबलं मांडलेली, त्यावर धुतलेल्या चादरी. उकडलेली अंडी, भाजलेले बटाटे, मधाची बरणी, चहाच्या किटल्या. शाळेचे मास्तर हात जोडून पुढं आले. "या साहेब, या मॅडमसाहेब! आमची वस्ती अत्यंत प्रामाणिक आहे."

"अय्या, किती गोड!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामांना मधल्या खुर्चीत बसवलं. चहा, वर अंडी, वर पुन्हा चहा. पाहुणे तर हरखून गेले, फोटो काढू लागले. भाचीनं लांबूनच मामांना अंगठा दाखवला. मामांचा जीव भांड्यात पडला. गप्प बसलं की झालं, त्यांनी स्वतःला बजावलं. सहल जमली. शनिवार पक्के. कुणाचं काही बिघडत नाही.

पण एकाचं बिघडत होतं. कोंबडीवाली ताई मामांच्या कपात चहा ओतत होती आणि तिची नजर सारखी मागच्या शेडकडं जात होती. कप भरला, बशी भरली, चहा मामांच्या मांडीवर आला, तरी तिचं लक्ष नाही. मामांनी मागं पाहिलं. त्या शेडमध्ये पिल्लांना ऊब द्यायचे बल्ब असतात, दिवसासुद्धा फटींतून लाल उजेड दिसतो. आज अंधार होता. आभाळ भरून आलेलं, वारा बोचरा, आणि आतून पिल्लांचा नुसता कलकलाट.

"ताई, किती दिवसांची आहेत?" मामांनी हळूच विचारलं.

"कालच आणली, साहेब," ताई कसनुसं हसत म्हणाली. "तीनशे आहेत. ठीक आहेत ती. तुम्ही अंडं घ्या."

थंडी लागली की पिल्लं अशी ओरडतात आणि एकमेकांवर चढून चेंगरतात. मामांना हे माहीत होतं, कारण गेल्या हिवाळ्यात तारा तुटल्या होत्या तेव्हा ताईच्या दारात मेलेल्या पिल्लांचं टोपलं त्यांनी पाहिलं होतं. ते उठले. "चला, निघू या, वर पाऊस गाठेल," ते पाहुण्यांना म्हणाले.

"छे छे, इतक्यात कुठं?" डॉक्टरीणबाईंनी आणखी एक बटाटा घेतला. "ही माणसं एवढ्या प्रेमानं वाढतायत. तासभर तरी बसू. मला सगळी वस्ती बघायचीय, घरंसुद्धा आतून बघायचीत!"

घरं आतून बघायची म्हटल्यावर मास्तरांची बोबडी वळली. पिल्लांचा आवाज वाढला.

मामांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"ताई, तू आधी जा आणि बल्ब लाव," ते म्हणाले. "हे पथक नाही. हे सहलीचे पाहुणे आहेत. आणि मी पण आता कुणी नाही. दहा महिन्यांपूर्वी मला ऑफिसनं घरी बसवलंय."

ताईनं पुढचं ऐकलंच नाही. किटली मास्तरांच्या हातात कोंबून ती जी पळाली ती काठी घेऊन थेट खांबाकडं. मिनिटभरात शेडच्या फटी लाल झाल्या.

"म्हणजे, या मॅडमसाहेब..." मास्तर त त प प करू लागले.

"मी दात काढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मधाच्या बरणीच्या मालकानं बरणी उचलून काखेत घेतली. कुणीतरी उरलेली अंडी मोजायला लागलं. एका म्हातारीनं कमरेवर हात ठेवून मामांना विचारलं, "मग घंटी वाजवून खालच्यांचा जीव कशाला घेतलास?"

"सवय, आजी."

"आणि मीटर बघायचा नाही तर आलास कशाला?"

मामा खाली बघत राहिले. "करमत नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षं तुम्ही दर महिन्याला दिसायचात. माझ्याशी कुणी दोन शब्द बोलायचं नाही, पण मला तुमची सवय झाली. मला वर यायला काहीतरी निमित्त हवं होतं. या पोरीनं ते दिलं आणि मी तिचीच फजिती केली. चुकलं माझं." हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

भाचीचा चेहरा पडला होता. पाहुणे एकमेकांकडं बघत होते. एवढ्यात बरणीवाला पुढं सरकला. "दात काढता म्हणजे, नुसते बघायचं पण जमतं का?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आ केला. त्याच्यामागं मास्तरांनी आ केला. मग म्हातारीनं, जिच्या तोंडात बघण्यासारखं दोनच उरले होते. डॉक्टरीणबाईंनी मामांची मीटर बघायची बॅटरी मागून घेतली आणि अर्धा तास रांगेनं तोंडं तपासली. मधाची बरणी टेबलावर परत आली, पण मामांशी कुणी काही बोललं नाही.

वरच्या वस्तीचा चढ सगळ्यात खडा. भाची आपली सायकल ढकलत मामांच्या शेजारी आली.

"मामा, वर आता काय होईल?"

"फोन गेला असेल," मामा म्हणाले. "आता मला घाबरायचं कारण नाही त्यांना. म्हणजे पळणार नाहीत आणि टेबलंही मांडणार नाहीत. कुणी बघणारसुद्धा नाही कदाचित. खरं सांगू का, तू त्या सर्टिफिकेटवाल्याला बोलावच."

"ते मी बघीन," भाची म्हणाली. तिच्या आवाजावरून मामांना काहीच अंदाज लागला नाही.

वरच्या वस्तीत दारं उघडी होती. टेबलं नव्हती, चादरी नव्हत्या. एक बाई लाकडं रचत होती, तिनं मान वर केली आणि परत लाकडं रचायला लागली. टीव्ही मोठ्यानं चालू होता. पाहुणे घुटमळत उभे राहिले. मामांना वाटलं, झालं, इथंच संपलं.

रस्त्यावरच्या खांबाला शिडी लावलेली होती आणि शिडीच्या टोकावर वस्तीतला गवंडी उभा होता. त्याच्या हातात काठी, काठीला वायर आणि वायरीला आकडा. भर दिवसा, भर रस्त्यात. सकाळी घाबरून उतरवलेला तो परत चढवत होता. एकतीस वर्षं ज्याच्याकडं पाठ करून मामांनी बुटाच्या नाड्या बांधल्या, ते काम त्यांनी आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. गवंड्यानंही त्यांना पाहिलं. काठी हवेत तशीच राहिली.

गवंड्यानं मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "ही शिडी कधीची डुगडुगतेय, धर बघू जरा. आणि आई विचारतेय, जेवायला एकूण किती जण आहात?"

"आठ," भाची मामांच्या आधीच बोलली. "आणि पुढच्या शनिवारीही तेवढेच. मामा धरून."

मामांनी सायकल भिंतीला लावली. खांबापाशी गेले आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "हातमोजे घातलेस का?" त्यांनी विचारलं.

"घातले रे बाबा."

"रबरी आहेत ना?"

"रबरी आहेत. तू खाली बघ आपला."

मामा खाली बघायला लागले. खाली बघितलं की डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळतं आणि दोन्ही हात शिडीला गुंतलेले असले की ते पुसताही येत नाही. त्यांनी हुंदका दाबायचा खूप प्रयत्न केला, पण खांदे ऐकेनात.

"मामा!" वरून गवंडी ओरडला. "रडतोस काय, शिडी हलतेय!"